मनाची लाल शाई

गेल्या महिन्यात वही आणली नाही म्हणून एका मुलीवर मी भर वर्गात ओरडले. नंतर कळले, तिची अम्मी आजारी होती आणि रात्रभर धाकट्या भावाला तीच सांभाळत होती. त्या रात्री इशाची नमाज झाली तरी माझा डोळा लागेना. आतून एकच आवाज येत होता, "इतकी वर्षं शिकवतेस, पण तुझी शिक्षिका व्हायची लायकीच नाही."

हा आवाज घरोघरी ओळखीचा आहे. सालन करपले, मुलाला मार्क कमी पडले, सासूबाईंना उलट उत्तर गेले, की तो सुरू होतो.

सूरह कियामाच्या दुसऱ्या आयतीत अल्लाहने नफ्स-ए-लव्वामाची, म्हणजे स्वतःला दोष देणाऱ्या मनाची, शपथ घेतली आहे. चूक टोचणारे मन ही नेमतच आहे. ते नसेल तर तौबा कुठून होणार? पण टोचणारा प्रत्येक आवाज लव्वामा नसतो. सूरह नासमध्ये ज्याच्यापासून पनाह मागितली आहे, तो वसवसाही मनातच कुजबुजतो.

मग फरक कसा ओळखायचा? वह्या तपासताना मी लाल शाईने लिहिते, "हे गणित पुन्हा सोडव." त्याऐवजी "तू ढ आहेस" लिहिले, तर मूल गणिताचा नादच सोडेल. आतल्या आवाजालाही हेच विचारा: तू माझ्या कामाबद्दल बोलतोस की माझ्याबद्दल? दुरुस्ती सांगतोस की नुसते झोडपतोस? दुरुस्ती सांगणाऱ्याचे ऐका. अल्लाहच्या रहमतीतून नाउमेद करणाऱ्याचे ऐकू नका.

त्या रात्री उठून मी ते वाक्य कागदावर लिहिले आणि खोडले. खाली लिहिले, "आज तू कारण न विचारता ओरडलीस. उद्या माफी माग." मग झोप लागली.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच तिची माफी मागितली. ती हळूच म्हणाली, "टीचर, मला वाटलं मीच वाईट आहे."

माझ्या काळजात चर्र झाले. तिच्या आतला आवाज माझ्याच सुरात बोलत होता.

हा आवाज आठवडेच्या आठवडे झोप-भूक उडवत असेल, तर दुआबरोबर डॉक्टरांचा सल्लाही घ्या; त्यात कमीपणा नाही. आणि मुलांना रागावताना एवढे जपा: चूक दाखवा, मूल खोडू नका.