मतदानानंतर कळून काय उपयोग?

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी रुमानियात अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. जनमत चाचण्यांत मागे असलेले कॅलिन जॉर्जेस्कू सुमारे २३ टक्के मते घेऊन पहिले आले. प्रचाराचा खर्च त्यांनी शून्य दाखवला होता. ६ डिसेंबरला, परदेशस्थ नागरिकांचे दुसऱ्या फेरीचे मतदान सुरू असतानाच, घटनात्मक न्यायालयाने सगळी निवडणूक रद्द केली.

त्याआधी दोन दिवस गुप्तचर यंत्रणांची कागदपत्रे खुली झाली होती. त्यांनुसार मतदानाच्या तोंडावर टिकटॉकवरची सुमारे २५ हजार खाती एकाएकी जागी झाली. त्यांतली जवळजवळ ८०० खाती २०१६ पासून निपचित होती. संशयाचा रोख रशियाकडे होता. रशियाने इन्कार केला. पुढे शोधपत्रकारांनी आणखी एक गोष्ट उघड केली. जॉर्जेस्कूंच्या पथ्यावर पडलेल्या एका टिकटॉक मोहिमेचा पैसा नॅशनल लिबरल पार्टी या रुमानियातल्याच प्रतिस्पर्धी पक्षाचा होता.

म्हणजे प्रश्न केवळ परक्या देशाचा नाही. महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्धचा मतदारांचा राग अस्सल होता. तो कोणी बाहेरून आणला नव्हता. त्या रागाला दिशा कोण देतो आहे, ते मात्र दिसत नव्हते. सभेला भाड्याने आणलेली गर्दी मैदानाबाहेरच्या ट्रकांवरून ओळखता येते. मोबाइलच्या पडद्यावर ट्रक दिसत नाहीत. बोलणारा कोण, पैसा कोणाचा, इतके लोक खरेच तसे म्हणतात का, हे ठाऊक नसेल तर ऐकलेल्याचे वजन करायचे कसे?

निवडणूक रद्द करूनही हे अज्ञान दूर झाले नाही. जॉर्जेस्कूंच्या २१ लाखांवर मतांसह सगळीच मते बाद झाली, पण सामान्य माणसाला पडताळता येईल असा पुरावा हाती आला नाही. त्यांच्या समर्थकांना तर न्यायालयच कटात सामील वाटले. फेरनिवडणुकीत जॉर्जेस्कूंना उभे राहू दिले गेले नाही. मे २०२५ मध्ये निकुशोर दान अध्यक्षपदी निवडून आले. ‘परकीय हात’ दाखवून विरोधकांना गप्प करण्याचा मोह सत्तेला किती सहज होतो, हे आपल्याकडे इंदिरा गांधींचा काळ पाहिलेल्यांना सांगायला नको. म्हणूनच असा आरोप पुराव्याविना मान्य करणे, हाही लोकशाहीला तितकाच मोठा धोका आहे.

तेव्हा प्रचाराचा पैसा आणि त्याचा मालक मतदानाआधी जाहीर झाला पाहिजे, समाजमाध्यम कंपन्यांची आकडेवारी स्वतंत्र अभ्यासकांना तपासता आली पाहिजे आणि आरोप करणाऱ्या सरकारने पुरावा जनतेपुढे ठेवला पाहिजे. न्यायालय निकाल रद्द करू शकते. मतदाराला विचार करून ठरवण्याची हुकलेली संधी ते परत देऊ शकत नाही.