पैनगंगेच्या खोऱ्यावर ओढलेल्या रेषा

साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गाव. तालुक्याची उत्तरेकडील शीव ओलांडली की वाशीम जिल्हा, म्हणजेच वऱ्हाड, लागतो. पैनगंगेच्या या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राबत आलेला आंध समाज दोहों बाजूंना आहे. त्याची बोली मराठी, उपजीविका शेती व शेतमजुरी. असे असूनही १९५० ते १९७६ या काळात साखऱ्याच्या बाजूचा आंध कायद्याने आदिवासी होता आणि पलीकडचा त्याचा सोयरा नव्हता.

या विपरीत प्रकाराचे मूळ निजाम व इंग्रज यांच्या व्यवहारात आहे. कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी फेडण्यासाठी निजामाने १८५३ साली वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. त्या फौजेची एक छावणी हिंगोलीतच होती, हा इतिहासाचा क्रूर विनोद. तेव्हापासून पैनगंगेचे खोरे दोन राजवटींत विभागले गेले. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हैदराबाद राज्यातील आंध अनुसूचित जमातीत आले. वऱ्हाडात मात्र मेळघाट आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ तालुक्यांपुरतीच ती मान्यता राहिली. पुसद आणि वाशीमचे आंध बाहेरच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही बाजू एका राज्यात आल्या, तरी ही रेषा पुसली जाण्यास आणखी वीस वर्षे लागली. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. या विलंबाला अज्ञान हे कारण सांगता येणार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ च्या स्पष्टीकरणात, यादीतील क्षेत्राबाहेर राहणाऱ्या अशा जमातींनाही जमिनीच्या संरक्षणाची गरज आहे, असे शासनानेच नमूद केले होते. जमिनीपुरता जो आदिवासी, तो शिष्यवृत्ती व नोकरीपुरता मात्र आदिवासी नाही, असा हा न्याय!

आंधांना मागे ठेवण्यास आणखी एक समजूत कारणीभूत झाली. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांची नोंद शेतकरी जात म्हणून आहे. आदिवासी म्हटला की तो अरण्यात राहणारा आणि निराळी भाषा बोलणारा असलाच पाहिजे, हा शहरी पांढरपेशांचा आणि अधिकाऱ्यांचा हट्ट त्यापुढेही टिकला. धोतर नेसून नांगर धरणारा, मराठी बोलणारा आंध त्यांच्या चित्रात बसत नाही. चित्र चुकीचे असेल, ही शंका मात्र कोणाला येत नाही.

जुनी रेषा गेली, पण नवी आहेच. याच नदीकाठच्या किनवट तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. हिंगोली जिल्ह्यातील एकही गाव मोडत नाही. परिणामी १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपज, लहान जलसाठे व जमिनीच्या हस्तांतरणाबाबत दिलेले अधिकार कळमनुरी व सेनगावच्या आदिवासी वस्त्यांना मिळालेले नाहीत. कळमनुरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. म्हणजे योजना वाटण्यापुरते येथील आदिवासी शासनाला दिसतात, अधिकार देताना दिसत नाहीत. योजना ही वरून येते आणि वरूनच थांबते. ग्रामसभेचा अधिकार तसा काढून घेता येत नाही, हा फरक कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून समजावून दिला पाहिजे.

घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे राज्यपालांशी विचारविनिमय करून राष्ट्रपती अनुसूचित क्षेत्रात वाढ करू शकतात. त्यासाठी आदिवासीबहुल गावांची यादी आणि ग्रामसभांचे ठराव आधी तयार हवेत, आणि ते काम साखरा-सेनगावच्या बाजूने आजही हाती घेता येईल.