अटलांटिकच्या पंगतीत पॅसिफिकचे पाहुणे

मार्च महिना उजाडला की अमेरिकेत विद्यापीठीय बास्केटबॉलचा ज्वर चढतो. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत २०२५ साली पुरुषांचे ६८ संघ उतरले; त्यांपैकी ३१ जागा निरनिराळ्या ‘कॉन्फरन्स’च्या विजेत्यांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. कॉन्फरन्स म्हणजे मुळात आसपासच्या विद्यापीठांनी परस्परांशी नियमितपणे खेळण्यासाठी स्थापन केलेले मंडळ. हंगामाच्या अखेरीस हे मंडळ बाद पद्धतीची स्पर्धा भरवते. हंगामभर मार खाल्लेल्या संघालाही तेथे नशीब पालटण्याची एक शेवटची संधी मिळावी, हे तिचे खरे मर्म. आज नेमका त्यालाच धक्का लागला आहे.

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचेच उदाहरण घेऊ. १९५३ साली स्थापन झालेल्या या मंडळाची पहिली स्पर्धा १९५४ मध्ये झाली. १९७४ पर्यंत या स्पर्धेचा विजेता तेवढा राष्ट्रीय स्पर्धेत जात असे. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरिलँडला जादा वेळेत १०३–१०० असे हरविले. विजेते पुढे राष्ट्रीय अजिंक्य झाले. देशातील अग्रगण्य संघांत गणला जाणारा मेरिलँड मात्र तीन गुणांच्या फरकाने राष्ट्रीय स्पर्धेला मुकला. १९७५ पासून राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची करून विजेत्यांखेरीज इतरांनाही प्रवेश देण्यात आला.

तरीही स्पर्धेचे महत्त्व सरले नाही. २०२४ मध्ये त्याच नॉर्थ कॅरोलायना स्टेटने हंगामातील शेवटचे चार सामने गमावले होते. दहाव्या मानांकनाच्या या संघाने पाच दिवसांत पाच सामने जिंकून विजेतेपद पटकावले आणि त्या बळावर राष्ट्रीय स्पर्धेत शिरून थेट उपान्त्य फेरी गाठली. दार उघडे असले तर काय घडू शकते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

परंतु त्याच वर्षी मंडळाचे रूप पालटले. फुटबॉलच्या दूरचित्रवाणी करारांच्या मोहाने पॅसिफिक किनाऱ्यावरील जुन्या मंडळातील बारांपैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. त्यांतील स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन चक्क ‘अटलांटिक’ मंडळात दाखल झाली. सदस्यसंख्या अठरावर गेली, म्हणून २०२५ च्या स्पर्धेत पंधरांनाच प्रवेश मिळाला. वगळलेल्या तिघांत होता आदल्या वर्षीचा विजेता, नॉर्थ कॅरोलायना स्टेट! दूरच्या पाहुण्यांची पाने मांडली आणि घरचा यजमान पंगतीतून उठविला, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

जुने दिवस सोन्याचे होते, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत या मंडळाच्या बास्केटबॉल संघांत कृष्णवर्णीय खेळाडूला स्थान नव्हते. पुढे दूरचित्रवाणीचा पैसा वाढला, प्रशिक्षक गब्बर झाले, पण खेळाडूच्या हाती शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही पडले नाही. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना आपल्या सर्व खेळाडूंत मिळून वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम वाटता येऊ लागली. घाम गाळणाऱ्याला त्याचा वाटा मिळाला, हे न्याय्यच झाले.

प्रश्न पैशाचा नाही. पैशाने कोणत्या निर्णयात बोलावे आणि कोणत्या निर्णयात गप्प बसावे, हा आहे. फुटबॉलचा करार फुटबॉलपुरता राहता तर तक्रारीला जागा नव्हती. पण त्याच करारापायी बास्केटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्याने ऐन अभ्यासाच्या दिवसांत एका महासागराच्या काठावरून दुसऱ्याच्या काठावर का जावे? त्याचे बुडालेले तास कोणत्या हिशेबात धरायचे? शिक्षकांना हा प्रश्न सुचतो. करार करणाऱ्यांना तो सुचलेला दिसत नाही.

उपाय अवघड नाही. फुटबॉलची मंडळे निराळी करावीत, बाकीचे खेळ पुन्हा प्रदेशवार खेळवावेत आणि मंडळाच्या स्पर्धेचे दार प्रत्येक सदस्याला खुले ठेवावे. तळाचा संघ बहुधा पहिल्याच दिवशी हरेल. हरू दे. त्याला हरण्याचीही संधी नाकारणाऱ्या स्पर्धेला विद्यापीठाचे नाव शोभत नाही.