क्षमेचा धनी कोण?

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडन यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, पदावरून पायउतार होण्यास काही मिनिटे उरली असताना, लिओनार्ड पेल्टियर या बंदिवानाच्या दोन जन्मठेपा सौम्य केल्या आणि उर्वरित काळ घरीच स्थानबद्धतेत काढण्याची मुभा त्याला दिली. पुढील महिन्यात तो तुरुंगातून सुटून नॉर्थ डकोटा राज्यातील आपल्या जमातीच्या वसाहतीत परतला. ऐंशी वर्षांचे वय, जडलेले आजार आणि जवळजवळ अर्धशतकाचा कारावास ही कारणे देण्यात आली. जगभरच्या मानवतावाद्यांनी या निर्णयाचे स्वागत केले. आम्हांस ते करवत नाही. ज्या भूमीने आपल्या राजबंद्यांची वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिच्या वाचकांपुढे याची कारणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

घटना २६ जून १९७५ ची. साउथ डकोटा राज्यातील पाइन रिज या मूळनिवासींच्या राखीव प्रदेशात जॅक कोलर आणि रोनाल्ड विल्यम्स हे केंद्रीय अन्वेषण संस्थेचे दोन तरुण अधिकारी एका संशयिताच्या शोधात गेले होते. तेथे गोळीबार झाला. त्यांच्या मोटारींवर सव्वाशेहून अधिक गोळ्यांच्या खुणा आढळल्या. दोघेही जखमी होऊन प्रतिकारास असमर्थ झाले आणि त्यानंतर अगदी जवळून गोळ्या झाडून त्यांना ठार करण्यात आले. त्याच दिवशी मूळनिवासींपैकीही एक तरुण मारला गेला. पेल्टियर कॅनडात पळाला, पकडला गेला आणि १९७७ साली ज्यूरीने त्याला दोषी ठरविले.

मूळनिवासींची तक्रार खोटी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याच पाइन रिजच्या परिसरात १८९० साली वुंडेड नी येथे शेकडो लाकोटा स्त्रीपुरुषांची आणि मुलांची सैन्याने कत्तल केली होती. ब्लॅक हिल्सचा त्यांचा प्रदेश सरकारने अन्यायाने बळकावला, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मान्य करून भरपाई ठरविली. खटल्यातील उणिवाही आम्ही दडवू इच्छित नाही. कॅनडातून त्याला आणण्यासाठी वापरलेली साक्षीदार स्त्रीची प्रतिज्ञापत्रे पुढे खोटी ठरली. त्याचे दोन सहआरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सुटले. अखेरची गोळी नेमकी कोणी झाडली हे आपण सिद्ध करू शकत नाही, असे सरकारी वकिलांनीच पुढे अपिलात सांगितले.

परंतु या शंकांचे स्थान न्यायासनापुढे आहे, आणि तेथे त्या एकदा नव्हे, अनेकदा मांडल्या गेल्या. अपील न्यायालयाने सरकार पक्षाच्या वर्तनावर ताशेरे ओढले, पण शिक्षा कायम ठेवली. सामायिक उद्देशाने केलेल्या हत्येत प्रत्येक भागीदार उत्तरदायी असतो, हे तत्त्व आपल्या फौजदारी कायद्यासही परके नाही. पॅरोल मंडळाने २००९ साली आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये त्याची विनंती फेटाळली. न्यायालयाला दोषसिद्धी पुसावीशी वाटली नाही आणि मंडळाला सुटका योग्य वाटली नाही. मग निरोप घेणाऱ्या अध्यक्षाच्या लेखणीने एका सकाळी ते काम का करावे?

येथे गोमंतकीय वाचक आम्हांस मोहन रानडे यांचे नाव ऐकवील, आणि तो त्याचा अधिकार आहे. रानड्यांनी पोर्तुगीज पोलीस चौक्यांवर सशस्त्र हल्ले केले. १९५५ साली बेतीच्या चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. त्यांना सव्वीस वर्षांची सजा झाली आणि गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला. मग पेल्टियरच्या सुटकेने खेद का व्हावा?

सालाझारच्या गोव्यात मताधिकार, मुक्त वृत्तपत्र वा स्वतंत्र न्यायालय यांपैकी काहीच नव्हते. पेल्टियरला ज्यूरी, वकील आणि अपिलांची वाट मिळाली. रानड्यांनी आपले कृत्य कधी नाकारले नाही. पेल्टियर आपण गोळीबार केल्याचे मान्य करतो, हत्या मात्र आपली नव्हे म्हणतो. तिसरा भेद आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. पोर्तुगीज पोलिसांच्या क्रौर्याचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रह्यांवर झाडलेल्या गोळ्या आम्ही विसरलेलो नाही. तथापि बेतीच्या चौकीवर रक्तबंबाळ पडलेला शत्रू त्या पोलिसांच्या हाती लागला आणि तो जिवंत राहिला. पाइन रिजवर जखमी होऊन पडलेले दोघे जिवंत राहिले नाहीत. रणांगणातसुद्धा घायाळावर शस्त्र चालविणे अधर्म मानले आहे; मग शांततेच्या काळात, कायद्याचे काम करावयास आलेल्या माणसांच्या बाबतीत त्यास मुक्तिसंग्रामाचे नाव कसे द्यावे?

वृद्ध आणि आजारी माणसाविषयी कणव वाटणे स्वाभाविक आहे. आम्हांसही ती वाटते. परंतु क्षमेचा खरा धनी ज्याचा अपराध झाला तो असतो. शासक त्याच्या वतीने तिचा विनियोग करतो, म्हणून त्याने तो जपून, कारणे स्पष्ट सांगून करावा. पश्चात्ताप असेल तर तसे म्हणावे. निर्दोषत्वाची खात्री असेल तर पूर्ण माफी द्यावी. येथे दोन्ही नाही. दोष कायम ठेवून शिक्षा सैल केली आहे.

ब्लॅक हिल्सच्या भरपाईची कोट्यवधी डॉलरांची रक्कम त्या लोकांनी आजवर स्वीकारलेली नाही; आपली भूमी विकाऊ नाही, असे ते म्हणतात. त्यांचा हा बाणा आम्हांस वंदनीय वाटतो. भूमीची किंमत पैशांत होत नसेल, तर दोन माणसांच्या प्राणांची किंमतही इतिहासातील अन्यायाच्या खात्यावर वळती करता येणार नाही.