'जगरनॉट'चा अर्थ कोणी ठरविला?

ऑक्टोबर २०१८मध्ये शशी थरूर यांनी आपल्या नव्या पुस्तकाची वार्ता देताना 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा एकोणतीस अक्षरी शब्द योजला आणि इंग्रजी शिकलेला भारत शब्दकोश चाळू लागला. (पुस्तक पंतप्रधानांवर टीका करणारे होते, चर्चा मात्र शब्दाचीच झाली.) अर्थ निघाला तो एवढाच : एखादी गोष्ट कवडीमोल लेखणे. लॅटिनमधील याच अर्थाचे चार शब्द एकापुढे एक जोडून तो घडविलेला आहे. मराठीत हेच काम 'कस्पटासमान' हा एकटा शब्द करतो, आणि 'खिजगणतीत नसणे' हे तर शाळेची पायरी न चढलेल्यालाही ठाऊक असते.

विचित्र इंग्रजी शब्दांचे अर्थ जाणून घेण्याचा छंद वाईट नव्हे. केवळ अर्थ घोकून न थांबता शब्दाचे मूळ गावही विचारावे. 'मंगूज' म्हणजे पोर्तुगीजांच्या मार्गाने गेलेले आपले मुंगूसच. 'बँडिकूट' हा तेलुगू 'पंदिकोक्कु', म्हणजे डुकरासारखा उंदीर, आपली घूस. 'लूट' आणि 'ठग' हे शब्दही इंग्रजांनी येथूनच नेले. लूट त्यांनी शब्दापुरती ठेवली नाही, हे वेगळे सांगणे नलगे! यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली अशा शब्दांचा जाडजूड कोशच प्रसिद्ध केला.

या साऱ्यांत 'जगरनॉट' या शब्दाची कथा मात्र गमतीची नाही. वाटेत येईल ते चिरडीत जाणारी अनावर शक्ती, असा अर्थ इंग्रजी कोश देतात. ब्रिटनमध्ये अवजड मालमोटारीलाही हेच नाव आहे. मूळ शब्द जगन्नाथ, विश्वाचा स्वामी! भाविक रथाच्या चाकांखाली देह झोकून देतात, ही वर्णने चौदाव्या शतकात ओडोरिक या ख्रिस्ती भिक्षूने युरोपात पोहोचविली. १८०६ साली क्लॉडियस ब्युकॅनन हा धर्मोपदेशक पुरीस आला आणि त्याने जगन्नाथाची तुलना नरबळी घेणाऱ्या मोलॉकशी केली. धर्मांतराच्या कार्यासाठी असे चित्र सोयीचेच होते. पुढे १८७२ साली विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्यानेच ओरिसावरील ग्रंथात या समजाचे खंडन केले : रथाखालचे बहुतेक मृत्यू गर्दीतील अपघात होते, आणि रक्तपात तर या देवाच्या उपासनेला विटाळच वाटतो. खंडन ग्रंथात राहिले, अपकीर्ती मात्र कोशात जाऊन बसली.

वास्तविक जो देव एरवी गर्भगृहात असतो, तो या दिवशी सर्वांना दर्शन देण्यासाठी स्वतः रस्त्यावर येतो. पुरीचे गजपती महाराज सोन्याच्या झाडूने रथ झाडतात. दोराला हात लावताना कोणी कोणाची जात विचारीत नाही. आणि या देशातील इंग्रजी वृत्तपत्रे विरोधकांना चिरडणाऱ्या पक्षासाठी हाच शब्द खुशाल वापरतात. छापणाऱ्याला खंत नाही, वाचणाऱ्याला पत्ता नाही.

इंग्रजांचा कोश बदलणे आपल्या हाती नाही. पण शब्दसंग्रहाच्या वहीत 'जगरनॉट : विध्वंसक शक्ती' असे लिहून घेणाऱ्या मुलाला त्याच तासात नंदीघोष रथाच्या सोळा चाकांविषयी आणि त्या सोन्याच्या झाडूविषयी सांगायला शिक्षकाला दोन मिनिटे पुरतात.