सापाच्या लसीचा पहिला डोस गावाजवळच मिळायला हवा

साप चावला की घरात लगेच दोन मतं होतात. कुणी म्हणतं, आधी मांत्रिकाकडे नेऊ. कुणी म्हणतं, थेट यवतमाळला चला. माझ्या मते दोन्ही चूक. आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा, आणि लसीचा पहिला डोस तिथेच मिळायला हवा.

असं का? आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे. एकच लस या चारही विषांवर चालते, म्हणून साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही. लस शरीरात फिरणारं विष निकामी करते. पण नसांना किंवा किडनीला आधीच झालेली इजा ती भरून काढू शकत नाही. उमरखेड किंवा झरी-जामणीच्या टोकाकडून यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायला दोन तास तरी जातात. रात्री ओलीत करताना घोणस चावली असेल, तर विष तेवढा वेळ थांबत नाही.

डायलिसिस आणि व्हेंटिलेटर मोठ्या रुग्णालयातच मिळतात, हे खरं. पण तिकडे पाठवायचं ते लस सुरू करून.

मग केंद्रातून रुग्ण लस न देताच पुढे का पाठवले जातात? आम्हा डॉक्टरांना रिॲक्शनची भीती वाटते. ती येऊ शकते: अंगाला खाज, धाप, रक्तदाब उतरणं. पण त्यावरचं ॲड्रेनॅलिन स्वस्त आहे आणि ते केंद्रातच देता येतं. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. ते तपासायला कोरडी, स्वच्छ काचेची नळी आणि २० मिनिटं पुरतात. विषबाधेची लक्षणं दिसली तर सुरुवातीलाच ८ ते १० बाटल्या लागतात. मुलांनाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून कमी विष सोडत नाही. म्हणजे कपाटात दोन बाटल्या असणं हा साठा नव्हे.

मांत्रिकाकडे जाणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. तो रात्री दोनलाही दार उघडतो. शिवाय बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असे रुग्ण आपोआप वाचतात आणि नाव मंत्राचं होतं. खरं विष भिनलं असेल तिथे मात्र तो वेळ जीव घेतो.

तुम्ही एवढं करा. चावल्यावर करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात-पाय न हलवता १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने निघा. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, तर खूण दिसली नाही तरी निघा. मण्यारीचा दंश अनेकदा कळतही नाही. लक्षणं नसली तरी २४ तास देखरेखीखाली राहा.

आणि पेरणीच्या आधी ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा: आपल्या केंद्रात लसीच्या किती बाटल्या आहेत? ॲड्रेनॅलिन आहे का? रात्री डॉक्टर असतात का? साप चावल्यावर हे विचारायला वेळ नसतो.