‘कबूल’ म्हणण्यापूर्वीं

गेल्या पंधरवड्यांत आमचे एक जुने विद्यार्थी आपल्या पुतण्यास घेऊन घरीं आले. मुलाच्या मोटारीचा धक्का लागून एका सायकलस्वाराचा हात मोडला होता. खटल्याच्या पहिल्याच तारखेस कोर्टाच्या दाराशीं कोणीसें सांगितलें, “कबूल म्हणून टाक, दंड भर, मोकळा हो.” मुलगा कबूल म्हणाला व पावती घेऊन घरीं परतला. घरच्या मंडळींनीं सत्यनारायणहि घातला! पुढें नोकरीच्या अर्जांत ‘पूर्वीं शिक्षा झाली आहे काय?’ हा रकाना आला, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले. “गुरुजी, आतां अपील करतां येईल ना?”

आम्ही वकील नव्हे. परंतु उत्सर्ग आणि अपवाद शिकविण्यांत आमचा जन्म गेला, आणि कायद्याचीहि रचना तशीच आहे. १८९८ च्या फौजदारी संहितेंत, १९७३ च्या संहितेंतील ३७५ व्या कलमांत आणि १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या नव्या संहितेंतील ४१६ व्या कलमांत उत्सर्ग एकच: आरोपीनें गुन्हा कबूल केला व त्यावर त्यास दोषी ठरविलें, तर दोषी ठरविण्याविरुद्ध अपील नाहीं. शिक्षा फार झाली किंवा बेकायदेशीर झाली, एवढीच तक्रार नेतां येते. उच्च न्यायालयानेंच दोषी ठरविलें असेल तर तीहि नाहीं. पुरावाच झाला नाहीं, मग वरच्या कोर्टानें पारखावयाचें काय?

अपवाद मात्र ‘कबुली’ ह्या शब्दांतच दडलेला आहे. अशा खटल्यांत आरोपीचें म्हणणें शक्यतों त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावें, असें कायदा सांगतो. आणि त्यावरून शिक्षा देणें न देणें न्यायाधीशांच्या विवेकावर असतें. “गाडी मीच चालवीत होतों, धक्का लागला” असें म्हणणें म्हणजे हयगय कबूल करणें नव्हे. आरोप समजलाच नसेल, किंवा थोडक्यांत सुटशील अशा आमिषानें कबुली वदविली असेल, तर तिची किंमत काय? १९८३ च्या निर्णयसंग्रहांत थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य हा खटला आहे. तेथें दंडाच्या भरंवशावर कबुली झाली आणि उच्च न्यायालयानें पुढें शिक्षा वाढविली. सर्वोच्च न्यायालयानें हें अन्याय्य ठरवून खटला नव्यानें चालविण्यासाठीं परत पाठविला. (२००५ च्या दुरुस्तीनें आलेली रीतसर तडजोडीची कबुली निराळी, तिच्यावर साधें अपील नाहीं.)

अपील नसलें तरी सत्र किंवा उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षणाचा अर्ज करतां येतो. सत्र न्यायालयांत अपिलाची मुदत तीस दिवसांची, पुनरीक्षणाची नव्वद. मुलाच्या निकालास दोन महिने होत आले होते; म्हणजे एक दार लागलें, दुसरें अजून किलकिलें होतें. पावती नव्हे, कोर्टाच्या कागदांची नक्कल घेऊन आजच वकिलांकडे जा, असें आम्हीं बजाविलें. मुलगा नेमकें काय बोलला आणि काय लिहिलें गेलें, ह्यावर सारें अवलंबून.

काका चपला घालीत असतां आम्हीं मुलास विचारलें, “बाळ, चूक खरोखर तुझी होती काय?”

तो जरा थांबला. “तें मला कोणीं विचारलेंच नाहीं, आजोबा. सायकलवाले एकदम वळले असें मला वाटतें. पण मीहि वेगांत होतों.”

नक्कल सोमवारीं मिळावयाची आहे.